एका छपराखालचे दोन आवाज

बुकित बातोक, सिंगापूर
१६ मार्च २०१४

चैतू,

हे पत्र तुझ्या हातात विभा देईल. उंच, चष्मेवाली, इथल्या विद्यापीठात खेकड्यांवर संशोधन करते. तिच्याबरोबर आणखी पाच जण आहेत. पाण्यात सगळे बरे आहेत, पण बोटीवर विभा सोडून सगळे ओकतील. बादल्या तयार ठेव.

तू माझा फोन उचलत नाहीस, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून ही टपालाची नवी व्यवस्था. पुलाऊ अरांगला डायव्हिंगला जाणारा सिंगापूरचा प्रत्येक मराठी माणूस माझ्याच दुकानातून पुढे जातो, तेव्हा मला पोस्टमनांची कमतरता नाही. इंडोनेशियात अंबोनपर्यंत विमान, पुढे चौदा तास लाकडी बोट, आणि मग धूर सोडत बसलेला तुझा डोंगर. इतकं लांब बेट तू कशासाठी निवडलंस ते मला कळतं. तीन वर्षं होतील आता. हौगांगचा विषय या पत्रात काढणार नाही, काळजी करू नकोस.

आईने भाजणी आणि मेतकूट दिलंय. मेतकूट दमट हवेत टिकत नाही असं मी म्हटलं, तर म्हणाली, "टिकायला कशाला पाहिजे, खायला दिलंय."

दुकान ठीक चाललंय. लोक पाण्याखाली श्वास घ्यायचे रेग्युलेटर दुरुस्तीला आणतात, मी तोंडात धरून दोन श्वास घेतो, कान देतो आणि सांगतो कुठे गळतंय. परवा एक चिनी गिऱ्हाईक म्हणाला, "अंकल, यू गॉट मशीन ऑर नॉट?" मी म्हटलं, दोन आहेत, डोक्याच्या दोन्ही बाजूंना. मुरुडच्या आयटीआयचा फिटर जहाजाच्या यार्डातून स्वतःच्या दुकानापर्यंत आला तो या दोन मशिनींवरच.

एक किरकोळ गोष्ट. मागच्या गटातली प्रणिता फोटो दाखवायला आली होती. तिने तुझा व्हिडिओ घेतलाय, तू शेडमध्ये सिलिंडर भरतेयस. बारीक झालीस. व्हिडिओ मी दोनदा पाहिला आणि तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकला. कॉम्प्रेसर ओळखीचा, मीच बसवून दिलेला. पण त्याच्या आवाजामागे जनरेटरचा आवाज आहे, आणि दोन्ही एकाच पत्र्यावर आपटून परत येतायत. जनरेटर स्वयंपाकघराच्या मागे होता ना? तो शेडमध्ये कधी आला? सहज विचारतोय.

वारा अजून पश्चिमेचाच आहे का तिकडे?

बाबा

ता. क. प्रणिताच्या नवऱ्याचं, विवेकचं, तिसऱ्या दिवशी डोकं फार दुखलं म्हणे. "गंधकाचा वास हो काका, ज्वालामुखी आहे शेवटी." मी मान डोलावली.


३० मार्च २०१४

चैतू,

विभा काल येऊन गेली. संभाषण जसंच्या तसं देतो.

"वाचलं तिने?"

"वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, दोनची डाईव्ह आहे, सूट चढवा."

ठीक आहे. तेव्हा आता सहज विचारत नाही.

विभाच्या सहा जणांपैकी चौघांची डोकी दुखली. मी तिला बसवून चहा दिला आणि वकिलासारखे प्रश्न विचारले. खाली असताना दुखत होतं की वर आल्यावर? ती म्हणाली, "खाली एकदम मस्त वाटतं काका. वर येताना, शेवटच्या पाच मीटरवर, कोणीतरी कपाळाला पट्टा आवळल्यासारखं होतं." एक जण शिडीवरच ओकला. समुद्र सपाट होता, म्हणून सगळे त्याला हसले. हसू नका असं म्हणणारं तिथे कोणी नव्हतं, कारण तू तेव्हा पुढचे सिलिंडर भरत होतीस.

मी तुमच्या मालकाला फोन लावला. जेटीवर सिग्नल मिळाल्यावर पाक हेर्मान बोलला, आणि बोलला ते माझ्या वर्मी लागलं. "मिस्टर निशी, गेस्ट कम्प्लेन, टू नॉइझी. यू ऑल्सो राइट मी, रिमेंबर?"

आठवलं. नोव्हेंबरात मीच त्याला लिहिलं होतं. आपल्या गटांत पुण्याची माणसं जास्त, दोन डाईव्हच्या मध्ये त्यांना जेवून दुपारची झोप लागते, आणि खोल्यांमागे जनरेटर धडधडतो. ज्वालामुखीच्या बेटावर, शार्क बघायला गेलेल्या माणसांची वामकुक्षी मोडू नये म्हणून मी मोठ्या ऐटीत पत्र पाठवलं आणि त्याने जनरेटर उचलून तुझ्या शेडमध्ये नेला. पूर्वेच्या भिंतीला, बरोबर? प्रणिताच्या व्हिडिओत तुझी सावली पाहून मी हिशोब केला. कॉम्प्रेसरचा हवा ओढायचा पाइप पश्चिमेच्या माडाला बांधलेला आहे. वारा पश्चिमेचा असतो तोवर जनरेटरचा धूर मागे जातो. एप्रिलमध्ये वारा फिरतो. पूर्वेचा लागला की तो धूर सरळ पाइपाच्या तोंडाशी, तिथून सिलिंडरमध्ये, तिथून माणसाच्या छातीत. मार्चमध्ये वारा दोन्हीकडचा असतो, म्हणून चौघांची डोकी. मे महिन्यात कोणाचं डोकं दुखणार नाही, कारण दुखायला तो वर येणार नाही.

विभाने तुझी नक्कलही करून दाखवली. भरलेल्या सिलिंडरची झडप किंचित उघडायची, हवा तळहातावर घ्यायची, हुंगायची आणि म्हणायचं, "क्लीन." अगदी माझ्यासारखी मान तिरकी करून.

चैतू, हे मी तुला शिकवलं. बारा वर्षांची होतीस, दुकानातल्या स्टुलावर बसून मी देईन तो प्रत्येक सिलिंडर हुंगायचीस. ते शिक्षण अर्धवट होतं. तेलाचा वास येतो, डिझेलचा येतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. आणि तुझ्या फिल्टरमधला मसाला ओला झाला असेल, तिथल्या हवेत होतोच, तर तो काही अडवत नाही. मला तेव्हा हे माहीत नव्हतं.

सोबत काचेच्या सहा नळ्या पाठवतोय. दोन्ही टोकं मोड, एका टोकाला रबरी नळी जोडून सिलिंडरची हवा मिनिटभर हळू सोड. आतली पांढरी पूड तपकिरी होत गेली तर थांब. रंग किती आकड्यापर्यंत चढला ते नळीवरच वाचता येतं. दहाच्या आत असेल तर मी मूर्ख, आणि तसं तू मला लेखी कळवू शकतेस.

पाकीट उद्धवबरोबर देतोय, तो पाच तारखेला निघतो. इथल्याच क्वीन्सटाउनच्या ऑफिसात मॅनेजर आहे, बोलायला लागला की थांबवत जा. त्याला बजावलंय, नळी पांढरी राहिली तरच पाण्यात उतर.

बाबा


१४ एप्रिल २०१४

चैतू,

उद्धव आज सकाळी आला. तुझा निरोप त्याने हसत हसत दिला, कारण त्याला त्याचा अर्थ कळला नव्हता.

"काका, ती म्हणाली, डोन्ट नीड ला. आणि म्हणाली, बाबांना त्यांचंच वाक्य ऐकवा, घाबरणाऱ्याने पाण्यात उतरू नये. त्यांना भीती वाटत असेल तर त्यांनी उतरू नये."

"आणि नळ्या?"

"शेडमध्ये फळीवर ठेवल्यात तिने. पाकीट उघडलं नाही."

"तुम्ही उतरलात?"

"उतरलो की. सुट्टी महिनाभर आधी टाकली होती काका. थोडी डोकी दुखली, पण काय सॉलिड आहे हो खाली!"

निघण्याआधी तो मला "हो काका" म्हणाला होता. ते "हो" मी ऐकलं तेव्हाच मला कळलं होतं की हा उतरणार. माझ्या कानांना असल्या गोष्टी चुकत नाहीत. तरी मी त्याला जाऊ दिलं. गट रद्द केला असता तर लोकांनी विचारलं असतं, का? आणि त्या प्रश्नाचं उत्तर तीन वर्षं जुनं आहे.

उद्धवने आणखी एक सांगितलं. वीस तारखेला तू जाकार्ताच्या पाहुण्यांना घेऊन डोंगराच्या पायथ्याशी जाणार आहेस, चाळीस मीटरवर, जिथे वाळूतून गरम बुडबुडे येतात. आणि वारा फिरलाय. त्याच्या फोटोत डोंगराचा धूर पश्चिमेकडे वळलेला आहे. चाळीस मीटरवर तीच हवा पाचपट दाबाने आत जाते. खाली तुला छान वाटेल, कारण दाबाने प्राणवायूही जास्त मिळतो; वर येताना तो कमी होतो आणि विष रक्तात तसंच राहतं.

म्हणून आता हौगांगचा, म्हणजे सुबोधचा, विषय काढतो.

तुला वाटतं की तू सोडून गेलीस, कारण मी चारचौघांत सुबोधला घाबरट म्हणालो. तुमचं लग्न ठरत आलेलं, त्याच्या शंभरावर डाईव्ह झालेल्या, आणि त्या मलेशियाच्या बेटावर, बावीस मीटरवरून वर येताना, त्याने स्वतःचा रेग्युलेटर थुंकला, तुझा ओढला, हातपाय झाडले. तू त्याला धरून वर आणलंस. बोटीवर तो मासळीसारखा पडला होता. तू म्हणत होतीस, "बाबा, ही इज नॉट लाइक दॅट, काहीतरी झालंय त्याला." मी म्हणालो, घाबरला. बोटीच्या मालकाला तेच सांगितलं, विम्याच्या कागदावर तेच लिहिलं, महाराष्ट्र मंडळात विचारणाऱ्यांना तेच सांगितलं. आणि वर ते वाक्य टाकलं, जे तू आज मला परत पाठवलंस.

त्या दिवशी सिलिंडर मी भरले होते. माझाच पेट्रोलवरचा छोटा कॉम्प्रेसर. हवा ओढायचा पाइप मी सकाळचा वारा बघून लावला आणि जेवायला बसलो. गोष्ट सांगत होतो, माणसं हसत होती. जेवता जेवता मानेला वारा दुसऱ्या बाजूने लागला. लागला हे मला समजलं, चैतू. एवढी गोष्ट संपवून उठू म्हटलं. संपवली, आणखी एक सुरू केली, उठलो नाही.

मागच्या पत्रात लिहिलं, की मला तेव्हा माहीत नव्हतं. तू बारा वर्षांची असताना माहीत नव्हतं, हे खरं. त्या दिवशी माहीत होतं. संध्याकाळी फिल्टर उघडला, तो ओला होता. तो बदलला आणि जुना समुद्रात टाकला. सुबोधच्या सिलिंडरमध्ये थोडी हवा उरली होती. इथे आल्यावर मी ती तपासायला दिली. मनात होतं, की बरी निघेल आणि मी सुटेन. दहाच्या आत हवी. अठ्ठावन्न निघाली.

तो कागद सोबत आहे. तारीख बघ, २७ जून २०११. ज्या आठवड्यात तू बॅग भरलीस तोच आठवडा. तू दारात उभी होतीस तेव्हा तो माझ्या शर्टाच्या खिशात होता.

तेव्हा सुबोध घाबरला नव्हता. माझ्या भरलेल्या हवेने त्याची शुद्ध जात होती. तुझाही सिलिंडर मीच भरला होता, पण सकाळी, वारा फिरायच्या आधी. तू वाचलीस ती तेवढ्यानेच.

मी पुढचे सगळे गट रद्द केलेत. म्हणजे पोस्टमनही संपले. म्हणून सगळं आधी आईला वाचायला दिलं. तिने पत्र वाचलं, कागद वाचला, चष्मा काढला.

"हे तीन वर्षं कुठे होतं?"

"दुकानात. सुट्या भागांच्या खणात."

"गणपतीत त्या पोराला सगळे चिडवत होते, सुबोध, बादलीने आंघोळ करतोस ना, जपून. तो हसत होता. तुम्ही तिथेच प्रसाद वाटत होतात."

मी म्हटलं, मी जातो बेटावर. ती म्हणाली, "तुम्ही नको. तुम्ही बोलायला लागलात की ती ऐकायची थांबते." आणि तिने बॅग खाली काढली. तुझी आई, सुरेखाबाई, ज्या समोरच्या सेंतोसा बेटावर जायचं तर पुलावरून चला म्हणतात, फेरीबोट नको म्हणतात, त्या उद्या अंबोनला निघतायत आणि पुढे चौदा तास लाकडी बोटीने तुझ्याकडे येतायत. त्या अठराला पोचतील. बोट वेळेवर सुटली तर.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. मला क्षमाही मागायची नाहीये, ती नंतर बघू. फक्त फळीवरचं पाकीट उघड.

बाबा


२९ एप्रिल २०१४

चैतू,

हे पत्र साध्या टपालाने टाकतोय. तीन आठवडे लागतील. आता चालेल.

आई परवा आली. अठरा ते चोवीस, ती तिथून परत निघेपर्यंत, सहा दिवस मला तिचा एकच निरोप होता, जेटीवरून पाठवलेला, "पोचले." त्या सहा दिवसांत मी काय काय ऐकलं ते लिहीत नाही. दुकानात फोन वाजला की हातातलं सुटायचं. वीस तारखेला मी सकाळपासून दुकानाला कुलूप लावून जिन्यात बसून होतो.

ती घरात आली, चपला काढल्या, आणि पदराच्या गाठीतून रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. आत नळी. तपकिरी रंग बावन्नापर्यंत चढलेला.

मग तिने सांगितलं. तू जेटीवर उभ्याउभ्याच वाचलंस. तिसरं पान दोनदा वाचलंस. मग तिला पाणीसुद्धा न विचारता शेडमध्ये गेलीस, वीस तारखेसाठी भरलेल्या सिलिंडरांतून एक ओढलास आणि नळीचं टोक दाताने मोडलंस. (दाताने मोडू नये. काच असते.) आई म्हणाली, "रंग चढताना ती बघत होती आणि मी तिच्याकडे बघत होते. मग तिने आधी कॉम्प्रेसर बंद केला आणि मग जनरेटर. इतकी शांतता झाली की डोंगराचा आवाज ऐकू आला." पाक हेर्मान ओरडत आला तेव्हा तू त्याला नळी दाखवलीस. आता जनरेटर परत खोल्यांमागे गेलाय. पुणेकरांनी कानात कापूस घालावा.

तुझी चिठ्ठी रुमालाच्या तळाशी होती. "आधी सुबोधला सांगा. मग मला लिहा."

काल गेलो. हौगांगला, त्याच्या फ्लॅटवर. सातव्या मजल्यावर लिफ्ट थांबते आणि पुढे लांब गॅलरी, तीत कोणाच्या सायकली, कोणाच्या तुळशी. मी त्याच्या दारापर्यंत जाऊन दोनदा लिफ्टपाशी परत आलो. तिसऱ्यांदा त्यानेच दार उघडलं. "काका, पावलं ओळखली. या ना."

चहा करतो म्हणाला, गॅसवर पाणी ठेवलं. मी म्हटलं, आधी हे वाच. तोच कागद, आईने परत आणलेला. त्याने वाचला. इंजिनियर माणूस, आकड्यावर थांबला.

"अठ्ठावन्न म्हणजे?"

"दहाच्या आत हवं."

"हे माझ्या सिलिंडरचं आहे?"

"तुझ्या. मी भरलेल्या."

त्याने आकडा पुन्हा वाचला. गॅसवर पाणी उकळत होतं, ते आटत आल्याचा आवाज मला येत होता. त्याला येत नव्हता. शेवटी मीच उठून गॅस बंद केला. तेव्हा त्याने विचारलं, अगदी लहान आवाजात,

"काका, म्हणजे मी घाबरलो नव्हतो?"

चैतू, मला वाटत होतं की त्याला माहीत असेल. की तो मनातून मला शिव्या देत असेल, आणि वरवर हसत असेल. तसं नव्हतं. त्याने माझं वाक्य खरं मानलं होतं. तीन वर्षं. ऑफिसने त्याला जर्मनीला पाठवायचं ठरवलं, त्याने नाही म्हणून सांगितलं, आपण ऐन वेळी कच खाणारे, मोठं काम नको. तुला त्याने नकार दिला तोही त्यामुळेच. म्हणाला, "खाली मी तिचा रेग्युलेटर ओढला होता काका. आपला जीव वाचवायला तिचा घ्यायला निघालेल्या माणसाने तिच्याशी लग्न कसं करायचं?"

मी म्हटलं, तू ओढला नाहीस, तू शुद्धीत नव्हतास. हे दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणू लागलो तर त्याने हात वर केला.

"हे मला एकट्याला का सांगताय? ज्यांना तेव्हा सांगितलंत, त्यांना सांगा."

बरोबर आहे. परवा एक मे. सुट्टी आहे, मंडळाचा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम आहे, हॉल भरलेला असेल. अध्यक्षांना फोन करून पाच मिनिटं मागितली. त्यांना वाटलं नवीन सहल जाहीर करायची आहे, म्हणाले, "अहो दहा घ्या!" दुकानाचं काय होईल ते मला दिसतंय. ज्याच्या हातची हवा लोक छातीत भरतात त्याने असं बोलल्यावर कोण येईल? आई म्हणाली, ती पुढे बसणार नाही, पण येईल.

सुबोध येणार की नाही ते बोलला नाही. निघताना त्याने नळी मागितली, तुझी, बावन्नाची. मी दिली. तुला विचारायला हवं होतं. त्याने ती खिडकीशी उजेडात धरली आणि विचारलं, "हिने स्वतः मोडली?" मी हो म्हटलं. दाताने, हेही सांगितलं. तो पहिल्यांदा हसला, आणि हे हसणं गणपतीतलं नव्हतं.

मंडळात काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलंय. चार ओळी आहेत, वर गोष्ट नाही, विनोद नाही. मोठ्याने वाचून बघितल्या तर आवाज मधेच बसतो. सकाळपासून काही खाल्लं नाही.

मी घाबरलोय, चैतू. या वेळी शब्द योग्य माणसाला लावतोय.

बाबा